पूर्ण एक मिनिट

आईला दाखल केल्याची ती दुसरी रात्र होती. वॉर्डातले मोठे दिवे मालवले होते. सिस्टरांच्या टेबलावर एक दिवा तेवढा चालू होता, आणि खाटांशेजारच्या यंत्रांवर हिरवे-निळे आकडे लुकलुकत होते. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली, त्यामुळे आई अर्धवट बसल्यासारखी झोपली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्याच्या आतून दर श्वासाला वाफ धरत होती आणि विरत होती. मी शेजारच्या खुर्चीवर डुलक्या घेत होतो. एकदा डोळे उघडले तर रात्रपाळीच्या सिस्टर आईचं मनगट हातात घेऊन उभ्या. तिचा हात त्यांनी तिच्याच छातीवर आडवा ठेवला होता, तीन बोटं नाडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. संध्याकाळपासून त्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे नुसत्या पळताना दिसत होत्या. आणि आता या सगळ्या धावपळीत ही बाई माझ्या आईचा हात धरून इतकी शांत उभी आहे, हे बघून मला एकदम भरून आलं. मी हळूच म्हणालो, "सिस्टर, तुम्ही किती मायेनं करता हो." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या हाताचं बोट तेवढं वर केलं. थांबा.

काटा बारावर आला तशी त्यांनी बोटं सोडली. "श्वास मोजत होते," त्या म्हणाल्या. "नाडी बघतोय असं दाखवायचं आणि श्वास मोजायचे. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो." त्यांनी कागदावर आकडा लिहिला, वरच्या ओळींवरून नजर फिरवली आणि त्यांची चालच बदलली. संध्याकाळी 22, बारा वाजता 26, आता 34. यंत्रावर ऑक्सिजन 94 दाखवत होता आणि मी तो आकडा बघूनच निर्धास्तपणे डुलक्या घेत होतो. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, फोन कानाला असतानाच पलंग आणखी वर घेतला, आईला उठवून बसवलं, तिचे पाय खाली सोडले. डॉक्टर आले, शिरेतून लघवीचं इंजेक्शन गेलं, मास्क बदलला. पहाटेपर्यंत पिशवीत सव्वा लिटर लघवी जमा झाली होती आणि आईचे खांदे, जे रात्रभर प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते, ते खाली आले होते.

त्या सिस्टरांमुळे आई वाचली असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खरं आहे. पण मनात काहीतरी टोचत राहिलं, ते सांगायला मला दोन वर्षं लागली. मी ज्याला माया समजलो ती मोजणी निघाली, याचं मला वाईट वाटलं होतं. इतक्या मोठ्या उपकारापुढे हे वाईट वाटणं क्षुद्र होतं हे कळत होतं, तरी वाटलं होतं.

तेव्हा मला शुश्रूषा या शब्दाचा अर्थ तरी कुठे माहीत होता. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, कपाळावर हात ठेवायचा, वेळेवर औषध द्यायचं, गोड बोलायचं. म्हणजे स्वभाव चांगला असला की झालं. पुढचे आठ दिवस त्या वॉर्डात बसून मी जे बघितलं त्याने ही समजूत पार पुसून टाकली. त्याच सिस्टरांनी मला एकदा निवांत वेळी सांगितलं की श्वासाचा आकडा हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. रक्तदाबाला यंत्र आहे, नाडीला आणि ऑक्सिजनला बोटात चिमटा आहे. श्वास मात्र माणसानेच उभं राहून मोजायचा, तोही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. म्हणून घाईत 18 नाहीतर 20 लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. आणि नेमका हाच आकडा बाकीच्यांच्या आधी बिघडायला लागतो. शरीर जास्त श्वास घेऊन ऑक्सिजन सावरून धरतं, त्यामुळे यंत्रावर सगळं ठीक दिसतं. माणूस मात्र आतून दमत चाललेला असतो. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली रुग्ण खालावतोय हे लवकर ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत आणली, 2017 मध्ये ती सुधारली. तिच्यात श्वास 25 किंवा त्याहून जास्त झाला की एकदम तीन गुण पडतात, एका मोजमापाला याहून जास्त गुणच नाहीत. आईचे 34 होते. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

हातातला दिवा घेऊन रात्री फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते. ती 1854 साली लष्करी इस्पितळात गेली हेही आठवतं. पण तिने परतल्यावर 1859 साली जे लिहिलं त्यातली एक गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. रुग्णाला रात्री झोप चांगली लागली का, असं विचारू नका, असं तिचं म्हणणं होतं. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कुठल्या वेळी, असं विचारा. मी रोज सकाळी आईला विचारत होतो, "बरं वाटतंय ना?" आणि आई रोज म्हणत होती, "हो." सिस्टर विचारायच्या, "आजी, घरी झोपताना उशा किती घेता?" मला हा प्रश्न आधी अगदीच इकडचा तिकडचा वाटला. आई म्हणाली, "पूर्वी एक, आता दोन, गेल्या आठवड्यात तीन." तेव्हा लक्षात आलं की तिच्या हृदयाचं पंपिंग कधीपासून कमी होत चाललंय याची तारीखवार नोंद आमच्या घरातल्या उशांमध्ये होती. आडवं झालं की पायातलं पाणी वर सरकतं, थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही, फुफ्फुसात साचतं, धाप लागते. माणूस नकळत एकेक उशी वाढवत जातो. त्या उशांचे अभ्रे मीच बदलत होतो.

चौथ्या दिवशी अजून एक गोष्ट घडली. सिस्टरांनी आईला कुशीवर वळवलं आणि तिच्या माकडहाडावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवली. तळवा नव्हे, उलटा हात. थोडा वेळ ठेवला, मग शेजारच्या कातडीवर ठेवला, परत माकडहाडावर. मग बोटाने दाबून बघितलं. "इथे गरम लागतंय आणि थोडं घट्टही," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून तिथे ठेवला. खरंच, उन्हात ठेवलेल्या भांड्याच्या एकाच बाजूला ऊब असावी तसं लागलं. गोऱ्या कातडीवर लाली दिसते, दाबल्यावर ती पांढरी झाली तर ठीक आणि लालच राहिली तर आत जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर ते रंग नीट दिसत नाहीत, म्हणून हाताने बघायचं: ऊब, घट्टपणा, दुखतंय का. माझ्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं.

आणि मग पेच असा की आईला श्वासासाठी उंच बसवणं भाग होतं, आणि उंच बसवलं की ती खाली घसरत होती. घसरताना कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि हाड आत सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. फुफ्फुसाला पलंग उंच हवा, माकडहाडाला तो 30 अंशांच्या वर नको. एका शरीरात दोन मागण्या, दोन्ही रास्त. सिस्टरांनी त्यावर जे केलं ते मी मन लावून बघितलं. आधी गुडघ्यांखालची बाजू थोडी उचलली म्हणजे घसरणं थांबेल. दर दोन तासांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पाठीमागे उशी लावून किंचित कलतं ठेवलं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढलं नाही. कमरेखाली आडवी घातलेली चादर दोघींनी दोन बाजूंनी धरून, "एक, दोन, तीन" म्हणत उचलून घेतलं. पोटऱ्यांखाली उशी सरकवली, टाचा हवेत अधांतरी. नाकाच्या दांडीवर आणि कानांमागे, जिथे मास्कची पट्टी काचत होती, तिथे मऊ पट्टी लावली. दुपारी श्वास बरा होता तेव्हा तासभर पलंग खाली घेतला. संध्याकाळी धाप वाढली, पुन्हा वर. कुठल्याही फायलीत याला उपचार म्हणून जागा नव्हती. तीन दिवसांत ती ऊब गेली. जखम झाली नाही, आणि न झालेल्या जखमेबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही.

मीही मानले नाहीत.

अंग पुसायच्या वेळी मी बाहेर जायचो. मुलगा आहे, आई आहे, आपोआपच पाय बाहेर वळायचे. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "थांबा. घरी कोण करणार आहे?" घरी मीच करणार होतो. मी थांबलो, पण भिंतीकडे तोंड करून. त्यांनी आईच्या अंगावर मोठी चादर घातली आणि चादरीखालूनच कपडे काढले. आधी चेहरा, नुसत्या पाण्याने, डोळे नाकाकडून कानाकडे. मग एक हात चादरीबाहेर घेतला, धुतला, कोरडा केला, परत आत ठेवला. मग दुसरा. मग छाती, पाठ, एकेक पाय. मध्ये पाणी बदललं. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं. शेवटचा भाग आला तेव्हा त्यांनी ओला रुमाल आईच्याच हातात दिला, "आजी, हे तुम्हाला जमेल," आणि आपण नजर दुसरीकडे केली. आईने जे जमेल तेवढं केलं. त्या अर्ध्या तासात आई एकदाही उघडी पडली नाही. मी भिंतीकडे तोंड करून तिची लाज राखत होतो असं मला वाटत होतं. खरी राखली ती त्या चादरीने, आणि चादर कशी धरायची हे ठाऊक असणाऱ्या हातांनी.

पाळी बदलताना मी कान देऊन ऐकायचो. जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्या सिस्टरांना खाटेशी उभं राहून सांगायच्या: रक्तदाब इतका, लघवी इतकी, पाणी दिवसाला दीड लिटरपर्यंतच, रात्रीचं इंजेक्शन दिलंय. आणि मग आवाज थोडा खाली आणून, "उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डावीकडून बोल. चष्मा लावून दे, चष्मा नसला की घाबरतात." ही शेवटची वाक्यं कागदावर नसायची. एका रात्री आई मध्येच उठून नळ्या ओढायला लागली होती, मला ओळखेना. म्हाताऱ्या माणसांना अचानकच्या आजारात अशी भूल पडते, आणि त्यावर चष्मा, कानातलं यंत्र, दिवसा उजेड, रात्री अंधार, समोर घड्याळ, ओळखीचा आवाज, या गोष्टींचा मोठा आधार असतो, हे मला तेव्हा कळलं. चष्मा आठवणीने आपल्या जागी जात होता तो या हलक्या आवाजातल्या वाक्यामुळे.

घरी सोडायच्या दिवशी माझी कल्पना होती की आता सुटलो. सिस्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, शक्यतो सारख्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर थांबायचं नाही, कळवायचं. ती चरबी नसते, पाणी असतं. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबायचं, खड्डा राहतो का बघायचं. मीठ मोजून. लघवीची गोळी सकाळी, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. उशा मोजायच्या. मी माना डोलावत होतो. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, मी काय काय सांगितलं." मला दोनच गोष्टी सांगता आल्या. त्यांनी न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

वॉर्डातला आजार आणि घरातला आजार ही दोन वेगळी गावं आहेत. वॉर्डात सगळं तासांवर चालतं, कुणीतरी धावत येतं, आकडे वर-खाली होतात, बरं वाटलं की बरं वाटल्याचा आनंदही होतो. घरी आलेला आजार घरातलाच होऊन बसतो. काल होता तसाच आज, आज आहे तसाच उद्या. वजनाची वही, गोळ्यांची डबी, पाण्याचं मोजून ठेवलेलं भांडं. पहिले दोन महिने मी हे अगदी व्रतासारखं केलं. मग कंटाळा आला. कंटाळा हा शब्द आईच्या बाबतीत वापरायला जीभ अडखळते, पण जे आलं ते तेच होतं. एका रात्री तिने तिसऱ्यांदा हाक मारली, पायावरचं पांघरुण नीट कर म्हणून, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. आईने पुढचे काही दिवस रात्री हाक मारलीच नाही, आणि मला त्यामुळे झोप लागून बरंही वाटलं. सिस्टरांना बारा तासांनी कुणीतरी सोडवायला यायचं. खाटेशी उभं राहून त्या सगळं सांगायच्या आणि घरी जायच्या. माझ्या जागी येणारं कुणी नव्हतं. पुढे ताई आठ दिवसांसाठी आली तेव्हा मी तिला दारातच गोळ्या, वजन, मीठ सांगायला लागलो आणि शेवटी माझा आवाज आपोआप खाली आला, "डाव्या बाजूने बोल. चष्मा उशाशी असतो." तेव्हा जरा रडू आलं. दमल्याचं होतं बहुतेक.

आईने हाक मारायची बंद केली त्याच दिवसांत वहीतले आकडे असे आहेत: 54.2, 54.9, 55.8, 56.6. मी ते स्वतःच्या हाताने लिहिले होते. लिहायचं म्हणून लिहीत होतो, वाचत नव्हतो. चौथ्या दिवशी सकाळी आईची गादी झटकायला उचलली तर दोन उशांच्या मध्ये जुनी शाल घट्ट गुंडाळून ठेवलेली सापडली. तिसरी उशी मागितली असती तर मी वहीत लिहिली असती, म्हणून तिने उशी मागितलीच नव्हती. मी तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. त्या खड्ड्याकडे बघत मी फोन लावला. गोळी दुप्पट झाली, तीन दिवसांत वजन उतरलं, दाखल करावं लागलं नाही. सगळं वेळेत झालं असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कसलं. तिची धाप आणि माझी झोप, दोन्ही एकाच छपराखाली चार रात्री चालू होत्या.

तेव्हापासून मी रात्री तिच्या खोलीत जातो. ती झोपलेली असते तेव्हा तिचा हात उचलून छातीवर आडवा ठेवतो, तीन बोटं मनगटावर, आणि समोरच्या घड्याळाचा काटा बारावर यायची वाट बघतो. सुरुवातीला फार अवघड जातं. आपलाही श्वास तिच्या श्वासात मिसळतो, कुणाचा मोजतोय कळत नाही. मध्येच ती सुस्कारा टाकते, तो धरायचा की नाही असा प्रश्न पडतो. पण हळूहळू जमलं. 18, 17, 20. वहीत चौथा रकाना आखला. आणि हे करताना माझ्या बोटांखाली तिच्या मनगटाची जी कातडी असते, पातळ, कागदासारखी, खाली नस उडताना लागते, ती मला पूर्वी कधी इतका वेळ हातात धरायला मिळाली नव्हती. लहानपणी तिने धरला असेल माझा हात. मोठेपणी कुणी कुणाचा हात असा मिनिटभर धरून उभं राहतं का? कारण लागतं.

परवा मोजताना आईने डोळे न उघडताच विचारलं, "झाले मोजून?"

मी हात सोडला. तुला कधीपासून माहीत, म्हणालो. ती म्हणाली, तिथल्या सिस्टर पहिल्या रात्री आल्या तेव्हापासूनच. "नाडी बघायला कुणी इतका वेळ उभं राहतं का रे? ती पोर दमलेली असायची. मी जागी आहे असं कळलं असतं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं तिला, आणि मोजणं चुकलं असतं. म्हणून मी डोळे मिटून पडायचे. सावकाश, रोजच्यासारखा श्वास घ्यायचे. त्या रात्री मात्र तो रोजच्यासारखा येईना, काय करू?"

मी काही बोललो नाही. तिने हात पुन्हा छातीवर आडवा घेतला, मनगट माझ्या बाजूला वळवलं आणि डोळे मिटले. मी बोटं ठेवली. काटा बारावरून सुटला. अकरापर्यंत आलो आणि कुठेतरी चुकलो. थांबलो, काटा परत बारावर येऊ दिला, आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.